गडी गावचा, मैदान परगावचे

कोरेगाव तालुक्यात कबड्डीचा खरा हंगाम दिवाळीत सुरू होतो, कारण तोवर पावसाळा सरलेला असतो, सोयाबीन आणि घेवडा घरात येऊन पडलेला असतो, रब्बीच्या ज्वारीची पेरणी उरकत आलेली असते आणि शाळेच्या पटांगणातील माती चिखलही नाही व ढेकूळही नाही अशा नेमक्या ओलीवर आलेली असते. याच आठवड्यात मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे कामाला गेलेली माणसे गावी उतरतात, त्यामुळे खेळणारे, पाहणारे आणि वर्गणी देणारे हे तिन्ही वर्ग एकाच वेळी गावात हजर असण्याचा वर्षातील हा एक मोठा योग असतो. दुसरा चैत्रातील यात्रेचा.

साताऱ्याच्या पूर्वेला, पुणे–मिरज लोहमार्गावर असलेल्या या तालुक्याची जमीन एकसारखी नाही. रहिमतपूरकडील भाग कृष्णेच्या आणि कालव्याच्या पाण्याने उसाखाली आला, तर वाठार स्टेशन, पिंपोडे, देऊर या बाजूला कोरडवाहू शेतीच अधिक राहिली, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला येथील वाघ्या घेवडा ही या हलक्या रानाची ओळख बनली. जिथे पाणी कमी तिथून माणसे बाहेर पडली, आणि ती कुठे गेली यावर त्यांच्याबरोबर गेलेला खेळही कुठे पोचला हे ठरले. ‘स्थलांतर’ हे सूत्र हाती घेऊन सातारा–सांगली पट्ट्यातील कबड्डीकडे पाहिले असता असे दिसते, की हा खेळ ज्यांचा होता ते परदेशी गेले नाहीत आणि मराठी माणसांपैकी जे परदेशी गेले त्यांचा हा खेळ नव्हता. तरीही कबड्डी इराणात, कोरियात आणि इंग्लंडात जाऊन पोचली. ती कोणाच्या खांद्यावर बसून गेली, हा या लेखाचा विषय आहे.

फक्की, काटा आणि आधारकार्ड

गावातील स्पर्धा भरवण्याचे काम बहुधा एखादे गणेशोत्सव किंवा नवरात्र मंडळ करते. पावतीपुस्तक छापले जाते, पहिल्या चार बक्षिसांसाठी चार दाते शोधले जातात, आणि सरपंच, ऊसवाहतुकीचा ठेकेदार, लष्करातून निवृत्त झालेला सुभेदार व मुंबईत जम बसवलेला गावकरी अशी दात्यांची नावे बक्षिसाच्या रकमेच्या उतरत्या क्रमाने फ्लेक्सवर येतात. मैदानाची तयारी मात्र पैशाने होत नाही. माती खणून, खडे वेचून, चाळून पुन्हा पसरावी लागते, तिच्यावर पाणी मारून एक रात्र मुरू द्यावे लागते, आणि सकाळी रूळ फिरवल्यावर दोरी ताणून फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असे मैदान आखावे लागते. माती सैल राहिली तर चढाई करणाऱ्याचा पाय रुततो, आणि जास्त घट्ट झाली तर कोपर व गुडघे सोलून निघतात. यातील मधली अवस्था बोटांनी ओळखणारी एक-दोन माणसेच प्रत्येक गावात असतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणी रूळ फिरवत नाही.

या पट्ट्यातील स्पर्धांचे एक वैशिष्ट्य म्हणजे वजनी गट. राष्ट्रीय पातळीवर वयोगट आणि कमाल वजन या दोन कसोट्या असतात, परंतु गावोगावच्या स्पर्धा ४५, ५५ किंवा ६५ किलो अशा सरळ वजनावर भरवल्या जातात. त्यामागे व्यवहारी विचार आहे. खुल्या गटात पोलीस, रेल्वे किंवा एखाद्या कंपनीच्या संघातून खेळणारे धिप्पाड गडी पैसे देऊन आणता येतात आणि मग अंतिम सामना गावाच्या मैदानावर होऊनही त्यात गावाचे कोणीच नसते. ५५ किलोच्या गटात मात्र उसाच्या फडात काम करणारा, अकरावीत शिकणारा आणि दूधसंकलन केंद्रावर बसणारा असे साध्या बांध्याचे मुलगे एकमेकांशी बरोबरीने झुंजू शकतात. वजनाच्या दिवशी ही मुले सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाहीत, अंगात स्वेटर घालून उन्हात पळतात, आणि धान्याच्या दुकानातून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक जण श्वास रोखून उभा राहतो, जणू श्वासाचेही वजन होत असावे.

खरी अडचण वजनाची नसून ओळखीची असते. ‘एक गाव एक संघ’ असा नियम पत्रकावर छापलेला असतो आणि त्याचा पुरावा म्हणून आधारकार्ड मागितले जाते. ज्याचा बाप कोपरखैरणेला माथाडी म्हणून काम करतो, जो तिथेच जन्मला व शिकला, परंतु ज्याचे घर, शेत आणि कुलदैवत कोरेगाव तालुक्यात आहे, त्या मुलाच्या आधारकार्डावर नवी मुंबईचा पत्ता असतो. तो गावाकडून खेळू शकतो का, यावर काट्याजवळच वाद होतो. कुठे शिधापत्रिका चालते, कुठे ग्रामपंचायतीचा दाखला, तर कुठे भावकीतल्या वडीलधाऱ्याने ‘आमचाच हाय’ असे म्हटलेले पुरते. देशांच्या संघांबाबत आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने याच प्रश्नावर लेखी तोडगा काढला आहे: सोळाव्या वर्षानंतर ज्याने त्या देशाचे नागरिकत्व मिळवले असा एकच खेळाडू राष्ट्रीय संघात घेता येतो. गावात असा आकडा ठरलेला नाही, आणि काट्यापाशी उभे राहून पाहणाऱ्याला तो ठरू नये असेच वाटते.

सामने संध्याकाळी दिवे लागल्यावर सुरू होतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेला तक्ता, मंचामागच्या कापडावर चिकटवलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचाच मंच केलेला असतो, आणि जिल्हा संघटनेचे पंच मानधन व प्रवासखर्चावर आलेले असतात. निवेदक हा मात्र गावाचाच लागतो, कारण चढाई करणाऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गेल्या वर्षी त्याचा कोणी कसा पट काढला होता, हे सगळे त्याला एका दमात सांगायचे असते.

हुतूतूचे नियम आणि नव्या शब्दांची आवक

जुन्या पिढीच्या तोंडी या खेळाचे नाव अजून हुतूतू असेच आहे. त्याच्या महाराष्ट्रात तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी ‘जिवंत’ होऊन परत येई. गामिनीत बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. आणि अमर या प्रकारात बाद होणे म्हणजे फक्त प्रतिपक्षाला गुण मिळणे, गडी मैदानातच राहत असे. १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात आणि बडोद्यात नियम लिहून काढण्याचे प्रयत्न झाले, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि आजचा प्रमाणित खेळ मुख्यतः संजीवनीवर उभा राहिला. बाद गड्याला परत येण्याची आशा असल्याने खेळात चढउतार राहतो. गामिनीत एकदा तोल गेला की तो सावरत नसे.

आता प्रत्येक संघाचे सात गडी मैदानात असतात, चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांत ‘कबड्डी’चा दम न तोडता प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन निदान रेषा ओलांडून परत यावे लागते, आणि सगळा संघ बाद झाला तर लोण चढतो, म्हणजे प्रतिपक्षाला दोन जादा गुण मिळतात. बचाव करणाऱ्यांत दोन कोपरे आणि त्यांच्या आतले मध्यरक्षक हे खेळाचे कसब सांभाळतात. सातारा–सांगलीच्या बचावात कुस्तीची ओळख लपत नाही. घोटा धरणे, पट काढणे, कंबर धरून उचलणे या पकडी तालमीच्या हौद्यातूनच मैदानात आल्या, आणि ऑलिंपिकमध्ये १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ज्या मातीतले, तिथे मुलाला पकड शिकवावी लागत नाही, फक्त थांबायला शिकवावे लागते, असे जुने खेळाडू सांगतात.

कुस्तीशी असलेल्या या नात्याची दुसरी बाजू पैशाची आहे. यात्रेत देवस्थानाचा आणि दात्यांचा पैसा आधी कुस्तीच्या फडाकडे जातो, २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाडा शर्यतीकडेही तो मोठ्या प्रमाणात वळला आहे, आणि उरलेल्यात कबड्डी भागवते. कबड्डीला साहित्य लागत नाही ही तिची कीर्ती आहे, पण त्यामुळेच तिला पैसा लागतो हे कोणाला पटत नाही.

साहित्य लागत नाही हेही आता खरे राहिलेले नाही. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या जाड फोमच्या चौकोनांवर, होतात, आणि मॅटवरचा खेळ मातीवरच्या खेळाहून वेगळा आहे. मातीवर अनवाणी पाय बोटांनी जमीन पकडतो आणि क्षणभर घसरू शकतो; मॅटवर बूट लागतात, पाय जागच्या जागी अडतो, त्यामुळे दिशा झटकन बदलणाऱ्याला फायदा होतो, तर गुडघ्याच्या शिरा ताणल्या जाण्याचा धोका वाढतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धेपर्यंत मातीवर खेळलेला मुलगा कोल्हापूर विभागाच्या पातळीवर पहिल्यांदा मॅटवर उतरला, तर पहिल्या अर्ध्या डावात त्याचा प्रतिस्पर्धी समोरचा संघ नसून पायाखालचा पृष्ठभाग असतो. मॅटचा एक संच विकत घेणे एका गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि घेतलाच तर तो उन्हापावसात न ठेवता गुंडाळून ठेवायला कोरडी खोली कुठून आणायची, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

मॅटबरोबर शब्दही आले. दूरचित्रवाणीवरील प्रो कबड्डी लीग २०१४ च्या जुलैत सुरू झाल्यापासून मैदानावरचे मुलगे ‘रेडर’, ‘कव्हर’, ‘सुपर टॅकल’ असे म्हणू लागले. वर्तमानपत्रातील ‘अव्वल पकड’ त्यांना छापील वाटते. ‘गडी’ हा शब्द मात्र टिकून आहे, बहुधा त्यात खेळाडू, कामाचा माणूस आणि आपल्यातला एक हे तिन्ही अर्थ एकत्र असल्यामुळे.

गावकीची खोली ते कंपनीचा संघ

सातारा–सांगलीच्या कबड्डीचा पहिला परदेश म्हणजे मुंबई. कापडगिरण्यांत कामाला गेलेले पुरुष परळ, लालबाग, डिलाइल रोड या भागात गावकीच्या खोल्यांत राहत. एका खोलीवर गावाचा सामायिक हक्क असे, पाळीप्रमाणे झोपायला जागा मिळे आणि खानावळवाली बाई जेवण देई. रात्रपाळीचे लोक सकाळी झोपत आणि दिवसपाळीचे संध्याकाळी मोकळे असत; कुटुंब गावी, खिशात पैसा मोजका आणि अंगात शेतीची ताकद अशा तरुणांना कमीत कमी जागेत, साहित्याशिवाय आणि पाऊण तासात संपणारा खेळ हवा होता. चाळीच्या मधल्या चौकात तो मिळाला. कोकणातून आलेल्यांनीही तोच खेळ आणलेला असल्याने घाटी आणि कोकणी यांच्या चुरशीतून मुंबईची कबड्डी धारदार झाली, आणि लालबागचे अंकुर, दादरचा विजय क्लब, मुलींसाठी शिवशक्ती महिला संघ अशी नावे राज्यभर पोचली.

क्लबांहून महत्त्वाची ठरली ती नोकरी. बँका, रेल्वे, पोलीस, बंदर, तेल कंपन्या आणि महिंद्रसारख्या खासगी कंपन्या कबड्डीचे संघ बाळगत, त्यामुळे चांगल्या चढाईवर पगार, निवृत्तिवेतन आणि कधी राहायला जागा मिळू शके. गावातील बापाला हे गणित चटकन समजले. आजही तालुक्यात मुलाला कबड्डी खेळू देण्यामागे पदकापेक्षा नोकरीचा विचार अधिक असतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी २००५ पासून असलेले ५ टक्के आरक्षण, पोलीस आणि सैन्यभरतीत उपयोगी पडणारी शारीरिक तयारी आणि दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण ही त्या विचाराची तीन टोके. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र घरात देवघराशेजारी काचेत लावलेले दिसते ते त्यामुळेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हा पाया हलवला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि संप कधी रीतसर संपलाच नाही. गावकीच्या खोल्या ओस पडल्या, कामगार गावी परतले, आणि गिरण्यांच्या जागेवर मनोरे उभे राहिल्यावर चौकही गेले. गावी परतलेल्यांपैकी काहींनी गावात संघ बांधले. आज साठी-सत्तरीत असलेले, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसणारे आणि पंचांना नियम शिकवणारे वृद्ध बहुधा याच पिढीतले असतात.

गिरण्यांचा ओघ आटत असताना दुसरा ओघ चालूच होता. पाटण, जावळी आणि कोरेगाव या तालुक्यांतून मोठ्या संख्येने माणसे मुंबईच्या घाऊक बाजारात ओझी उचलायला गेली. पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि १९८० नंतर बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलल्यावर माथाडींची वस्ती कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या बाजूला वाढली. गिरणी कामगार गावकीच्या खोलीत एकटा राहत असे, तर माथाडी नवी मुंबईत कुटुंबासह राहिला, म्हणून त्याचा मुलगा गावात न वाढता शहरात वाढला. वजनकाट्याजवळ ज्याचा वाद होतो तो हाच मुलगा. त्याला मॅट माहीत आहे, बूट आहेत, आणि गावाकडचे चुलतभाऊ त्याला एकाच वेळी आपला आणि परका समजतात.

आर्मेनियाने नेले ते महाराष्ट्राने का नेले नाही

परदेशातील वसाहतींमधून खेळ जिवंत ठेवण्याचे उत्तम उदाहरण म्हणून आर्मेनियाच्या बास्केटबॉलकडे पाहता येते. सुमारे ३० लाख वस्तीच्या या देशाबाहेर, विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या कत्तली आणि हद्दपारीमुळे, त्याहून अधिक आर्मेनियन लोक लेबनॉन, सिरिया, फ्रान्स, अमेरिका अशा देशांत विखुरले. त्यांची ‘होमेनेत्मेन’ ही क्रीडासंघटना १९१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, स्थापन झाली. तिच्या शाखा ज्या ज्या शहरात आर्मेनियन वस्ती झाली तिथे निघाल्या, आणि चर्च व शाळेच्या जोडीने व्यायामशाळा हे त्या वस्तीचे तिसरे अंग बनले. बैरूतमधील होमेनेत्मेनचा बास्केटबॉल संघ २०१८ मध्ये लेबनॉनचा विजेता ठरला. १९९९ पासून येरेवानला भरणाऱ्या अखिल आर्मेनियन क्रीडास्पर्धेत जगभरातील आर्मेनियन येतात, आणि तिथे संघ देशाच्या नावाने न उतरता आपापल्या शहराच्या नावाने उतरतात. राष्ट्रीय संघाने छोट्या राष्ट्रांची युरोपीय स्पर्धा २०१६ मध्ये जिंकली ती घरचे, वसाहतींमधले आणि नागरिकत्व देऊन आणलेले अशा मिश्र बळावर उभ्या राहिलेल्या परंपरेतूनच. घरचे मैदान लहान आहे आणि घरच्या लीगला पैसा कमी आहे, म्हणून बाहेरच्यांची गरज कायमची आहे.

मराठी समाजाकडेही परदेशातील संस्था कमी नाहीत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ढोल-ताशा पथके आणि दिवाळी अंकसुद्धा तिथे पोचले आहेत. कबड्डी मात्र संमेलनाच्या दुपारी एखादा तास हौसेने खेळली जाते, लीग म्हणून उभी राहिलेली नाही. याचे कारण आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा प्रवाशांच्या यादीत शोधावे. १९६५ नंतर अमेरिकेला गेलेले मराठी लोक मुख्यतः डॉक्टर, अभियंते आणि पुढे संगणकतज्ज्ञ होते. पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गातून आलेल्या या मंडळींनी शाळेत कबड्डी खेळली असेल, पण त्यांचा जीव क्रिकेटमध्ये होता. ज्यांचा जीव कबड्डीत होता त्यांची गाडी मुंबईला थांबली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोन्या-चांदीची आटणी करून धातू शुद्ध करणारे कारागीर, भारतभर सराफ बाजारांत पसरले खरे, पण ते एका शहरात दोन-चार कुटुंबे असे विरळ राहिले. सात गड्यांचा संघ होण्यासाठी बारा जण तरी रोज एका मैदानावर यावे लागतात. गलाईवाल्यांनी म्हणून खेळ नेला नाही, पैसा गावी पाठवला, आणि त्यातून यात्रेचे कुस्तीफड मोठे झाले.

पंजाबचे उदाहरण ही बाब अधिक स्पष्ट करते. तिथून शेतकरी आणि कामगार गावेच्या गावे इंग्लंड व कॅनडात गेली, आणि त्यांनी आपली वर्तुळ कबड्डी बरोबर नेली. ती गोल मैदानावर खेळतात, तीत ‘कबड्डी’चा सतत उच्चार करावा लागत नाही आणि चढाई करणारा व एक पकडणारा यांची समोरासमोर झुंज हेच तिचे सार असते. गुरुद्वाऱ्यांशी जोडलेल्या उन्हाळी स्पर्धा, परदेशातून पंजाबात परत येणारा बक्षिसांचा पैसा आणि २०१० मध्ये पंजाब सरकारने भरवलेला विश्वचषक ही त्या स्थलांतराची फळे आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मराठी वळणाच्या, म्हणजे आयताकृती मैदानावरील कबड्डीचा एक विश्वचषक इंग्लंडमधील वॉल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम आणि शेजारच्या शहरांत झाला, त्यालाही आधार मिळाला तो याच वस्तीचा. खेळ एकाचा आणि प्रेक्षक दुसऱ्याचे, असा हा विचित्र योग आहे.

एकेकट्याने गेलेली कबड्डी

वस्तीने नेला नाही तो खेळ शिक्षकांनी नेला. आशियाई कबड्डी महासंघ १९७८ मध्ये स्थापन झाला, त्याच्या पुढल्या वर्षी प्राध्यापक सुंदर राम यांनी जपानात जाऊन खेळाची ओळख करून दिली, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात या संघटनाकार्याचे श्रेय शंकरराव तथा बुवा साळवी यांना दिले जाते आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डीदिन म्हणून पाळला जातो.

पुढे भारतीय प्रशिक्षक कराराने परदेशी संघांना शिकवू लागले, आणि त्यातील सर्वांत बोलके उदाहरण मराठी आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला संघाचे प्रशिक्षण स्वीकारले, फारसी भाषा शिकायला घेतली, खेळाडूंना प्राणायामाची सवय लावली, आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७–२४ असे हरवले. त्याच स्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडूनच हरला; १९९० पासून सात वेळा अखंड चालत आलेली सुवर्णपदकाची माळ तिथे तुटली. याला ‘घरभेदी’पणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. घराने ज्या ज्ञानाला काम दिले नाही ते ज्ञान दुसऱ्याच्या घरी गेले, एवढेच तिथे घडले. आर्मेनियाला आपला खेळाडू परदेशात सापडतो, महाराष्ट्राला आपला गुरू प्रतिस्पर्ध्याच्या बाकावर बसलेला दिसतो.

उलट दिशेचीही वाहतूक आहे. उत्तर इराणच्या गोरगानमधून आलेला फजल अत्राचली प्रो कबड्डीत मुंबईच्या संघाचा आणि पुढे पुण्याच्या संघाचा कर्णधार झाला, आणि २०१८ च्या लिलावात मुंबईने त्याच्यासाठी १ कोटी रुपये मोजले, तेव्हा लीगमध्ये कोणाही खेळाडूवर कोटीची बोली पहिल्यांदाच लागली. कोरेगावातील ५५ किलो गटात खेळणारा डावा कोपरा आज ‘फजलसारखी’ घोटापकड करायचा प्रयत्न करतो. त्याच्या आजोबांना ती पकड आपल्याच तालमीतली वाटते, आणि दोघांचेही चूक नाही.

लीगने गावाला काय दिले याचा हिशेब सरळ नाही. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग अडके पहिल्या हंगामापासून दिल्लीच्या संघातून गाजला, सांगलीचा नितीन मदने २०१४ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघात होता, आणि त्यांच्यामुळे या पट्ट्यातील मुलांना आपला माणूस पडद्यावर दिसला. पण २०१६ मध्ये अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या भारतीय संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. संघ मुख्यतः हरियाणा आणि उत्तरेकडील होता. २०१८ च्या जानेवारीत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, अस्लम इनामदारच्या पुणेरी संघाने लीगचा दहावा हंगाम जिंकला, तेव्हा ओहोटी थांबली असे वाटले. पण फरक मुळातच आहे: हरियाणातील मुलगा दूध, तूप आणि उंची घेऊन थेट मॅटवर येतो, तर सातारा–सांगलीचा मुलगा वजनी गटाच्या सोयीने ५५ किलोच्या आत राहायला शिकतो, आणि विसाव्या वर्षी त्याला ८० किलोंच्या गड्यांसमोर उभे राहावे लागते. गावातील सगळ्यांना खेळवणारी वजनी गटाची युक्ती वरच्या पायरीवर अशी अंगाशी येते.

भाऊबीजेनंतर

तालुक्याच्या शाळांमध्ये, विशेषतः रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कुलांमध्ये, मैदान आहे आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जिथे टिकले तिथे मुलींचेही संघ आहेत. मुलींची अडचण दहावीनंतर सुरू होते, कारण सराव संध्याकाळी असतो, शेवटची एसटी त्याच वेळी सुटते, आणि गावाच्या रात्रीच्या स्पर्धांत त्यांचा सामना ‘प्रदर्शनीय’ म्हणून एकच ठेवलेला असतो. ज्या पुढे जातात त्या साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या वसतिगृहात राहून शिवाजी विद्यापीठाच्या संघात येतात. म्हणजे त्यांचे स्थलांतर खेळण्यासाठी असते, भावांसारखे पोटासाठी नसते.

दिवाळीच्या स्पर्धेत शेवटच्या रात्रीपूर्वी अनेक गावांत ‘गावकर विरुद्ध मुंबईकर’ असा एक सामना बक्षिसाविना खेळला जातो. त्यात वजन मोजत नाहीत आणि आधारकार्ड मागत नाहीत. पोट सुटलेले माथाडी, सुट्टीवर आलेला जवान, बारावीतला मुलगा आणि बूट काढून मातीत उतरलेला कोपरखैरणेचा पोरगा यांच्यातले कोण कुठल्या बाजूने हे नाणेफेकीनंतरही दोनदा बदलते, कारण एका बाजूला हमखास आठ होतात आणि दुसऱ्या बाजूला सहा. भाऊबीज आटोपली की वाठारच्या आणि कोरेगावच्या फाट्यावर मुंबईच्या गाड्या भरू लागतात, मैदानावरची फक्की दोन-तीन दिवसांत पायांखाली पुसट होते, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या गावच्या स्पर्धेला जाण्यासाठी सातवा गडी कोण, याची विचारपूस पारावर सुरू होते.